आन्सेल्मच्या नावाची घागर

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. जन्म पॅरिसचा, आणि सध्याचा मुक्काम शिरपूरजवळचे तापीकाठचे एक गाव. हे कसे झाले, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पडू द्या. प्रश्न पडणाऱ्या माणसांच्या हातातच माझा जन्म गेला.

माझा पहिला मालक आन्सेल्म नावाचा फ्रेंच उमराव. घराण्याची मोठी गढी, द्राक्षांचे मळे, सगळे होते. पण याचे लक्ष मळ्यात कधी नव्हतेच. इजिप्तमधल्या जुन्या थडग्यांच्या भिंतींवर पक्षी, डोळे, साप अशा चित्रांत लिहिलेला मजकूर असतो. तो वाचायचे त्याला वेड होते. पहिल्या सफरीला निघताना त्याच्या बायकोने मला हौसेने बनवून घेतले. आत मी, भोवती पितळी डबी, आणि डबीच्या झाकणावर उठवलेला उमरावाचा चेहरा, अगदी मिशांसकट!

थडग्यांत मी काय काय पाहिले म्हणून सांगू! मेलेल्यांसाठी भिंतींवर भाकऱ्या, बदके, कांद्यांच्या जुड्यासुद्धा काढलेल्या. मेलेल्या माणसाला कांदा कशाला हवा, हे काही केल्या मला कळेना. उमराव मात्र तासन्‌तास तिथेच रमे. मोठी माणसे मला नावाजत, तेव्हा मीही फुगून जाई.

एका वर्षी नवे थडगे उघडायचे म्हणून तो घरी परतलाच नाही. इकडे त्याची बायको तापाने गेली. मुलगा एत्येन तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता. त्याने बापाला शेवटपर्यंत क्षमा केली नाही. पुढे उमराव वारला, तेव्हा एत्येनने मला एका खणात टाकले आणि सर्वांना बजावले, की या माणसाचे नाव घरात निघता कामा नये. चाळीस वर्षे ते निघाले नाही. मी अंधारात पडून होतो. मला फार वाईट वाटे, खोटे कशाला बोलू?

पण खाण तशी माती. एत्येनची मुलगी सोलांज जुन्या खापरांची अभ्यासक झाली. आजोबांना तिने पाहिलेही नव्हते, तरी मला खणातून उचलले ते तिनेच. पुण्यात राहून ती मराठी शिकली आणि १९८८ साली या गावची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकडी खणायला आली. उतरली ती गावातल्या ताईबाई आणि चुडामण आबा या नवरा-बायकोच्या घरी. वडिलांना दुखवायचे नाही म्हणून आजोबांचे नाव मात्र तीही घेत नसे.

रोज सकाळी सोलांज मला कापडी थैलीतून काढी, झाकण पुसे आणि डोळ्यांजवळ नेई. ताईबाई हे चुलीपाशी बसून बघत असे. पितळेवर माणसाचा चेहरा, आणि उठल्याबरोबर एवढी निगा! तिने ठरवूनच टाकले, की हा यांच्या पूर्वजांचा, देव्हाऱ्यात पुजायचा टाक आहे.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांना जेवू घालण्याचा सण. सोलांज नदीवर गेली होती. ताईबाईने मला चिंचेने लख्ख घासले, हळदकुंकू लावले आणि देव्हाऱ्यात आपल्या टाकांशेजारी बसवले. पाणी आत शिरते की काय, या भीतीने माझा जीव निम्मा झाला!

सोलांज परतली आणि शोधून शोधून रडकुंडीला आली. मी देव्हाऱ्यात दिसलो तशी ती चिडली. "अहो ताईबाई, हे माझं कामाचं भिंग आहे. हा देव नाही!"

"देव नही, पन मानूस शे ना?" ताईबाई म्हणाली. "घरना मानूस कोनी थैलीमा कोंडी ठेवतस का?"

"हिना हातमा जे लागस ते देव्हारामा जास," आबा हसले. "मना चष्मा तेवढा वाचना."

सोलांजला हसू आले. तेवढ्यात तिला दिसले, की पितरांसाठी पाण्याने भरून ठेवलेल्या नव्या घागरींत घरच्या पितरांच्या संख्येहून एक जास्त आहे. त्या घागरीवर खरबूज होते, शेजारी गोड सांज्याची सांजोरी. ताईबाईने चुलीतले निखारे पुढे ओढले आणि पितराचे नाव घेऊन निखाऱ्यावर सोडायचा तुपाचा घास हातात घेतला.

"तुना आजानं नाव काय शे?"

सोलांजने देव्हाऱ्यातल्या माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "वडील ते नाव घेऊ देत नाहीत. त्यांचा आजोबांवर राग आहे."

"नाव नही लिधं, ते घास कोनले पोचई? राग राहू दे बाजूले. भूक ते लागस ना त्यासले?"

निखारे विझायला आले.

"आन्सेल्म," सोलांज म्हणाली. निखाऱ्यावर तूप चरचरले. मला इतका आनंद झाला, की काच तडकते की काय असे वाटले.

पण तिच्या जिवाला चैन पडेना. वडिलांच्या पाठीमागे आपण हे केले, असे तिला लागून राहिले. दुसऱ्या दिवशी शिरपूरच्या पोस्टातून तिने फ्रान्सला फोन लावला. दुसऱ्या हाताच्या मुठीत मी होतो. तिने एका दमात सगळे सांगून टाकले. पलीकडे शांतता. ती इतकी लांबली, की मधला ऑपरेटर "हॅलो, हॅलो" करू लागला.

मग म्हाताऱ्या एत्येनचा आवाज आला. "काय वाढलंस?"

"सांजोरी."

"गोड असते?"

"हो."

"बरं केलंस," तो म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता, "बाबांना गोड फार आवडायचं."

मित्रांनो, जुन्या वस्तू घासूनपुसून जपा, माझी विनंती आहेच. पण तुमच्याही घरात एखादे नाव कोणीच घेत नसेल, तर रागाचे कारण विचारू नका. मोठ्यांजवळ जाऊन बसा आणि एवढेच विचारा, त्या माणसाला खायला काय आवडायचे?