मुळ्यावरचा दाब

कुगिमिया साहेब मागच्या पडवीत, लोणच्याच्या लाकडी पिंपापुढे गुडघे टेकून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मुळ्याच्या वासाने असावं, असं हिसानोला वाटलं.

"सेन्सेई," ते तिच्या नवऱ्याला, गेनझोला, आदराने म्हणाले, "हे तुम्ही लपवून ठेवलंत?"

साहेबांच्या शहरातल्या संग्रहालयाला तोकिएदा गेनझोच्या मातीशिल्पांचं प्रदर्शन भरवायचं होतं. सकाळपासून साहेबांनी त्याची सव्वीस शिल्पं पाहून सव्वीस वेळा "हं" म्हटलं होतं. एकही मनासारखं मिळालं नाही तर प्रदर्शन बारगळेल, हे त्यांनी चहाबरोबर मुळा खाताना सांगितलं. मुळा मात्र त्यांना आवडला. आणखी दोन चकत्या मागायला ते मागे आले आणि पिंपाच्या झाकणावर दाबाला ठेवलेला ओबडधोबड, पांढुरका गोळा त्यांना दिसला.

"ही कसली झिलई?"

"कोंडा आणि मीठ," हिसानो म्हणाली.

"वा!" साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

गेनझोने नम्रपणे मान तुकवली. गोळा त्याचा नव्हताच. अकरा वर्षांपूर्वी हिसानोनेच "घरात कुंभार आणि दाबाला दगड नाही" असं म्हणत त्याच्या उरलेल्या मातीचा तो केला होता; उचलायला सोपं जावं म्हणून मागे चार बोटं खुपसली होती. भट्टीतली जागा वाया घालवली म्हणून गेनझोने तेव्हा दोन दिवस अबोला धरला होता.

"परवा गाडी पाठवतो. पेटीवर तेवढं तुमच्या हाताने नाव लिहून ठेवा," म्हणून साहेब गेले. पेटीवर कर्त्याच्या हातचं नाव नसलं, तर आतल्या वस्तूला कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेनझो शाई घोटून बसला.

"माझं नाव घाला," हिसानो म्हणाली.

"तुला कोण ओळखतं?"

"मुळे ओळखतात."

"अगं, उभा जन्म घातला मी यात!"

"ऐकलं की काल. सव्वीस वेळा."

"एका दगडासाठी नवऱ्याचं नाक कापशील?"

"नाक ठेवा तुमचं. मला दाब द्या. नवे मुळे कालपरवा घातलेत, अजून चाळीस दिवस लागतील."

गेनझोने स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली लाल शिक्का मारला. हात जराही थरथरला नाही, याचंच त्याला वाईट वाटलं.

गाडी गोळा घेऊन गेली. दाबाला दुसरं काही शोधायला हिसानो तडक गेनझोच्या कामशाळेत शिरली. 'क्षितिज' हे शिल्प आतून पोकळ निघालं. 'वाऱ्याचं घर' कलंडलं. 'आईची आठवण' पिंपात मावेना.

"उभ्या जन्मात एक वस्तू जड केली नाहीत तुम्ही."

"नदीवरून धोंडा आणतो."

"तुमचं वजन किती?"

"बासष्ट किलो. का?"

"बसा झाकणावर. नाहीतर कुगिमियांना फोन करते."

गेनझो बसला. रोज बसू लागला. रात्री पाण्याच्या बादल्या ठेवून भागत असे. दिवसा बादल्यांना कामं असत.

उद्घाटनाच्या दिवशी सर्दी झाल्याचं कळवून तो पिंपावर मांडी घालून बसला. हिसानो ठेवणीतला राखाडी किमोनो नेसून बसने शहरात गेली, ती संध्याकाळी परतली.

"गर्दी होती?"

"खूप. सगळे मागे जाऊन बघत होते, माझ्या बोटांच्या खाचा. पाटीवर लिहिलंय, 'कलावंताची मातीशी झुंज'."

"माझं कोणी काही विचारलं?"

"एका बाईंनी विचारलं, हे वारले का म्हणून."

"मग?"

"म्हटलं, घरी कामात आहेत."

तिने वाकून झाकणाच्या कडेशी बोट घातलं.

"मुळ्यांचं पाणी नीट वर आलेलं नाही. मध्ये उठलात तुम्ही."

"एकदाच. लघवीला."

"माझा दगड अकरा वर्षांत उठला नाही."

ती किमोनो बदलायला आत गेली. गेनझो पाठ ताठ करून बसला. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि, तेवढंच वजन वाढेल म्हणून, तो सोडला नाही.