उलट्या तारखा

सुनेनं एंटर दाबायला बोट उचललं, तसं सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. एक जरी फोल्डर हरवला, तर मला तोंड दाखवू नकोस."

"आई, फक्त नावं बदलतायत. आतल्या फोटोंना धक्का लागत नाही."

"न्हावीसुद्धा म्हणतो, नुसती टोकं कापतो."

सासरे जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या फोटो स्टुडिओतल्या प्रत्येक कामाचा एक फोल्डर होता. नावात आधी दिवस, मग महिना, शेवटी वर्ष. त्यामुळे कॉम्प्युटर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र लावी, मग सगळ्या दोन तारखा. कुणी जुना फोटो मागायला आलं की शोधताना जीव जाई. आता स्टुडिओ सुनेनं हाती घेतला होता. तिनं कॉम्प्युटरसाठी एका ओळीची आज्ञा लिहिली होती: नावातले आकड्यांचे तीन गट ओळखायचे आणि उलट क्रमानं मांडायचे.

मनगट सुटलं. एंटर दाबलं. चौदाशे बारा नावं पडद्यावरून सरसर गेली आणि यादी वर्षांच्या ओळीनं उभी राहिली.

सासूबाई अक्षरांशी अडखळत, आकड्यांशी नाही. काचेवर बोट टेकवत त्या खाली येत गेल्या आणि एका जागी थांबल्या.

"हे काय? जूननंतर एकदम पुढच्या वर्षाचा मे. मधले महिने गिळलेस ना?"

सुनेनं मोजून दाखवलं. आधी चौदाशे बारा, आताही तेवढेच.

"मधले फोल्डर नव्हतेच, आई. तारखा विखुरलेल्या होत्या, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही."

सासूबाईंनी वर्ष पुन्हा वाचलं.

त्यांचा थोरला मुलगा त्याच जूनमध्ये वारला होता. आठव्या दिवशी नवरा कॅमेरा खांद्याला लावून निघाला, तेव्हा त्या दारातून म्हणाल्या होत्या, "जा, हसवा लोकांना." पुढे कुठल्याही भांडणात तो आठवा दिवस निघायचाच. सासऱ्यांनी कधी खुलासा केला नाही. रोज दहाला स्टुडिओत जात, सातला घरी येत.

"मग दिवसभर करत काय होते तिथं?"

"फ्रेमा विकल्या असतील," सून हळूच म्हणाली.

तिनं हात पुन्हा कीबोर्डवर नेला.

"आई, पुन्हा पहिल्यासारखं करू का? एका ओळीचं काम आहे."

सासूबाईंचं बोट जूनच्या शेवटच्या ओळीखाली तसंच होतं.

"नको," त्या म्हणाल्या. "दिसू दे."