मावशीच्या अंगावरचा गाऊन

पोरगी रडायची थांबली की माझ्या बायकोचं तोंड पडायचं.

उलटं वाटेल, पण आमच्या घरात रोज हेच चाललं होतं. बायको पलंगावर, भिंतीला पाठ लावून. मांडीवर उशी, उशीवर पोरगी. पोरगी लालभडक. पाय झाडतेय, मान फिरवतेय, तोंड लावायला तयार नाही. बायकोचे केस घामानं गालाला चिकटलेले. ओठ दाताखाली. मग आतून ताई पदराला हात पुसल्यासारखं करत यायची (पदर कुठला, अंगात गाऊन), "आण इकडे" म्हणायची आणि पोरीला खांद्यावर टाकायची. झालं. चूप. एक सुस्कारा, दोन उचक्या, झोप.

"घे," बायको म्हणायची. "तुझीच आहे ती. मी काय, दुधाची डेअरी."

"काहीतरीच काय बोलतेस गं!"

"डेअरी तरी बरी. तिथे लोक रांग लावतात."

ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण. तिची मुलं हाताशी आलेली. आता घरी तिला कोणी विचारत नाही, हे ती स्वतःच हसत हसत सांगते. माझ्या सासूबाई नाहीत, आणि माझी आई गुडघ्यांनी घरी बसलेली. त्यामुळे पोरगी दिवसांच्या आधी आली तेव्हा ताईच धावत आली. एक पिशवी घेऊन. त्यात बाहेर जायचा एक ड्रेस, दात घासायचा ब्रश आणि पोरीसाठी आणलेली सात-आठ झबली. स्वतःला घरात घालायला काही नाही. म्हणून बायकोचा जुना तपकिरी गाऊन तिनं बाथरूमच्या दारामागून काढून घातला. गरोदरपणात बायकोनं तो वापरून वापरून पार मऊ केला होता. दवाखान्यातून आल्यावर पहिल्या दिवशीसुद्धा तोच अंगात.

"घाल," बायको म्हणाली होती. "मला तर तो बघवतही नाही आता."

का बघवत नव्हता ते सांगतो. घरी आल्यावर एकदा तिनं गळ्याजवळचं कापड नाकाला लावलं आणि ढसाढसा रडली. "मला नासलेल्या दुधाचा वास येतोय. मी माणूस राहिलेच नाही." छाती सारखी ओली व्हायची, दिवसातून किती वेळा गाऊन बदलायचा त्याला हिशोब नाही. टाक्यांमुळे धड बसता यायचं नाही. समोर ठेवलेला चहा गार होऊन वर साय धरायची, तरी कपाला हात लागायचा नाही. आणि मी? मी नुसता उभा. टाके मला घेता येत नाहीत, पाजता येत नाही, रडता तर मुळीच येत नाही.

पण धुता येतं!

मी लॉन्ड्रीत आहे. हॉटेलांचे टॉवेल, चादरी, पडदे. गाठोडं सोडलं की आमचं पहिलं काम नाकाचं. तेलकट वास वेगळा काढायचा, आंबट वेगळा, धुराचा वेगळा, मग मशीन. आमचे इस्त्रीवाले काका म्हणतात, डोळ्याला डाग चुकतो, नाकाला चुकत नाही. तर मी म्हटलं, एवढं एक तरी आपल्या हातात आहे. बायकोचे सगळे गाऊन, चादरी, उशांचे अभ्रे रोज गाडीला बांधून न्यायला लागलो. मोठ्या हॉटेलच्या टॉवेलांना जो लॅव्हेंडरचा सॉफ्टनर घालतो तोच घालायचो. मालकाचं लक्ष नसेल तेव्हा दुप्पट. बायको हॉटेलच्या लॉबीसारखी घमघमायला लागली. गाऊनमध्ये तोंड खुपसून म्हणाली, "आता कसं माणसात आल्यासारखं वाटतंय." बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा हसली. मी हवेत.

बाळाचे कपडे मात्र ताईनं दिले नाहीत. "मशीनबिशीन नको, मी हातानं काढते." स्वतःचेही नाहीत.

"ताई, द्या ना, सगळ्यांचे नेतोच आहे."

"वा! धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या हातात माझे कपडे देऊ? शोभतं का जावईबापू?"

रात्री ती तो तपकिरी गाऊन नुसता पाण्यातून काढायची आणि सकाळी अर्धा ओला तसाच चढवायची. डाव्या खांद्यावर पोरीनं टाकलेल्या गुळण्यांचा नकाशा झाला होता. पाण्यानं तो जात नव्हता. मला तो बघून हात शिवशिवायचे.

आता खरं बोलायचं तर जळत मी पण होतो. घरी आलो की पोरीला घ्यायचो आणि ती अशी किंचाळायची की जणू मी तिचं काही चोरलंय. बायकोकडे रडायची, माझ्याकडे रडायची. ज्यांनी तिला आणली त्या दोघांकडेच तोंड फिरवायची. आणि ताईकडे ढिम्म. ताई तिला खांद्यावर टाकून भाजी चिरायची, फोनवर बोलायची, एकदा तर शिंकली. पोरगी हलली नाही.

पण हे नुसत्या लाडाचं राहिलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाळानं ओढलं तर दूध येतं, नाही ओढलं तर आटतं. पोरगी ओढत नव्हती. बायको दाबायच्या मशीननं दूध काढायची, ताई ते बाटलीतून पाजायची, आणि बाटलीतलं रोज थोडं थोडं कमी होत चाललं होतं. बायको बाटली खिडकीसमोर धरून बघायची. बाटली ताईकडे द्यायची आणि दुसरीकडे बघायची.

"दूध माझं," मला एकदा म्हणाली, "आणि मांडी ताईची. उद्या दूधही संपलं की माझं काय उरलं रे?"

दुसऱ्या दिवशी सॉफ्टनर जरा जास्त टाकला.

मग खालच्या मजल्यावरच्या काकू बाळ बघायला आल्या. नेमकी तेव्हा पोरगी बायकोकडे रडत होती. ताईनं घेतली, गप्प. काकू खुदकन हसल्या. "माय मरो पण मावशी उरो म्हणतात, ते काही खोटं नाही हो!"

ताई पण हसली. तिथे चुकलं.

काकू गेल्या. ताई लंगोटांच्या घड्या घालत बसली. मी गाठोडं बांधत होतो.

"ताई, तू कधी जाणार आहेस?"

"का गं?"

"सहज."

"अजून तुझे टाके..."

"टाके माझे आहेत. मी बघीन त्यांचं."

"टाके दुखतायत का पोटात दुखतंय तुझ्या?" ताई अर्धं हसत म्हणाली.

"पोटात दुखतंय. हो, दुखतंय! माझ्या पोटात होती, मग दुखायचं कोणाच्या पोटात? लहानपणी माझी बाहुली घ्यायचीस, म्हणायचीस तुला नीट धरता येत नाही. आईच्या मांडीवर जावं तर तू आधीच बसलेली. आता ही पण घे. घाल पिशवीत आणि जा घेऊन."

"अगं, काय बोलतेस, कळतंय का तुला?"

"ती तुझ्या खांद्यावर झोपते ना, तेव्हा मला वाटतं तुझा खांदा कापून ठेवून घ्यावा."

मी म्हटलं, "अगं, थकलीयस तू..."

"तू गप्प बस. तू गाऊन धू."

ताईनं हातातला लंगोट नीट चौकोनी केला, ढिगावर ठेवला. "उद्या दुपारच्या गाडीनं जाते," म्हणाली.

मला कळेना कोणाला समजवावं. म्हटलं, निदान बाईला नीट पाठवू. तिचा तो बाहेरचा ड्रेस पहिल्याच दिवशी पोरीनं माखला होता, तो मागितला. तिनं भिंतीकडे बघत दिला. "जातेच आहे, आता कसली लाज. इस्त्री नीट करा."

लॉन्ड्रीत त्याला राजाची वागणूक दिली. काकांनी इस्त्री फिरवता फिरवता विचारलं, "कोणाचा रे एवढा लाडका?"

"मेहुणीचा. चाललीय."

"बायकोनं घालवली ना? घालवायची झाली की माणसं फार छान इस्त्री करून देतात."

म्हटलं, काका, घडी मोडू नका फक्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आंघोळ करून, ड्रेस घालून तयार. पिशवी दारात. तपकिरी गाऊन घडी करून खुर्चीवर. सगळी खोली लॅव्हेंडर. जाताना तिनं पोरीला उचललं, खांद्यावर घेतलं.

आणि पोरगी किंचाळली.

कमान केली अंगाची. ताईनं खांदा बदलला. फेऱ्या मारल्या, थोपटलं, तिचं ते नेहमीचं नाकातलं गुणगुणणं केलं. पोरगी आणखी लाल. माझी बायको पलंगावर सरळ होऊन बसली. मी तिचा चेहरा बघितला. आनंद झाला होता तिला. लपवतही नव्हती.

"काय झालं गं ताई? झोपत नाही?" साखरेत घोळवून विचारलं.

"भूक लागली असेल."

"आत्ताच तर पाजलंस. आण, माझ्याकडे आण."

ताईच्या डोळ्यांत पाणी. तिनं पोरगी दिली. बायकोनं अगदी ऐटीत घेतली, उराशी धरली. पोरगी तिथेही तेवढीच किंचाळली. कणभर कमी नाही.

दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या.

माझं डोकं लॉन्ड्रीतल्यासारखं चालायला लागलं. काल काय होतं, आज काय नाही? ताई तीच, खांदा तोच. मी खुर्चीवरचा गाऊन उचलला आणि सवयीनं नाकाला लावला. वरवर भांड्यांचा साबण. ताईच्या केसांचं तेल. आणि त्याच्या खाली, खांद्याच्या शिवणीत, आंबटगोड, कोमट असा तोच वास, ज्याला नाक लावून माझी बायको रडली होती. तिच्याच दुधाचा. मग बायकोच्या बाहीचा वास घेतला. हॉटेल. ताईची ओढणी. हॉटेल. माझा शर्ट. हॉटेल! पोरीच्या लेखी आम्ही तिघं टॉवेल होतो.

"तो गाऊन काढ," मी बायकोला म्हटलं.

"काय?"

"काढ. हा घाल."

"ताईनं घातलेला? मी?"

"तुझाच आहे ना."

"होता. आता तिचा आहे. तिला लखलाभ."

"अगं, वास बघ त्याचा. तुझा वास आहे. मी तुझा सगळा धुऊन टाकला, तो ताईंच्या अंगावर राहिला."

बायकोनं गाऊनकडे असं बघितलं की तो जणू सवतीचा आहे. पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडत होती. ताईनं पोरीला घेतलं आणि भिंतीकडे वळून म्हणाली, "घाल गं बाई. कान फाटले."

बायको भिंत धरत धरत बाथरूममध्ये गेली. "नुसतं पाणी घे, साबण नको," मी मागून ओरडलो. आतून पाण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तपकिरी गाऊन अंगात, बटणं वर-खाली लागलेली. बसली. मांडीवर उशी. ताईनं पोरीला उशीवर ठेवलं आणि हात काढून घेतले.

पोरगी रडतच होती. मग तिचं नाक कापडाला लागलं.

थांबली. परत लागलं. तोंड उघडं, मान इकडे-तिकडे, कपाळ आपटतंय, चुकतंय, परत शोधतंय. आणि धरलं. "आई गं!" बायको कळवळली, आणि लगेच, "श्श! कोणी बोलू नका." कोणी बोलतच नव्हतं. नुसता पोरीचा घोट गिळल्याचा आवाज. एक. मग थांबून आणखी एक. बायकोचे डोळे वाहत होते, पण ते पुसायला तिनं पोरीवरचा हात काढला नाही.

ताई पिशवीजवळ उभी होती. "म्हणजे गाऊनच होता म्हणायचा," ती म्हणाली. "मी मधे नव्हतेच कुठे."

बायको खाली बघतच म्हणाली, "गाडी गेली असेल तुझी."

"पुढची असते."

"पुढची म्हणजे पुढच्या आठवड्यातली. माझे टाके अजून दुखतायत. पण हा गाऊन मी देणार नाही."

"ठेव बाई. उराशी कवटाळून ठेव." ताईनं पिशवी आत नेली. जरा आपटूनच.

मला वाटलं, मिटलं. मी वेडा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. पलंगावर बायको, तपकिरी गाऊनमध्ये, डोळे बारीक करून बसलेली. समोर ताई. तिच्या अंगात बायकोचा हिरवा गाऊन, छातीवर दुधाचे वाळलेले डाग. खांद्यावर पोरगी. गाढ.

"बघितलंस?" बायको मला म्हणाली. "बादलीतून चोरला."

"चोरला काय, धुवायलाच टाकला होतास."

"काढ तो."

"ती उठेल."

"उठू दे. उठली की मी घेईन."

"बघू ना कोणाकडे येते."

दोघीही जागच्या हलल्या नाहीत. मी मधे उभा, लॅव्हेंडरचा घमघमाट सुटलेला, हात रिकामे. कोणी मला चहा विचारला नाही, कोणी पोरगी दिली नाही.

बाथरूममध्ये गेलो. शर्ट काढून दारामागे टांगला. बादलीत काय उरलंय ते बघितलं. गाऊन एक नाही, चादर नाही. तळाला पोरीचं तोंड पुसायचं एक फडकं, आंबट, कडक झालेलं. नाकाला लावलं. चालेल.

ते उघड्या खांद्यावर टाकलं आणि बाहेर येऊन दोघींच्या मधे बसलो.

"द्या," म्हटलं. "आता माझा नंबर."