रुपालीचे फोटो कोणी गिळले?

मिरजगावात रज्जाकच्या फोटो स्टुडिओसमोर एवढी गर्दी जमली, की हायवेवरच्या टेम्पोवाल्यांना वाटलं, अपघात झाला. आत चमत्कार झाला होता. वाल्मिक आणि रुपालीच्या लग्नाचे सगळे फोटो कॉम्प्युटरमधून गायब! बाकीच्यांची लग्नं जागच्या जागी.

"सुनंचा पायगुन," वाल्मिकची आई दगडाबाई म्हणाली. रुपाली कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती.

सोबत आलेल्या मांत्रिक कल्याणबाबांनी मॉनिटरला अंगारा फासला, माऊसवरून लिंबू उतरवलं. "डिजिटल पिशाच हाय! हार्डडिस्कच्या सातव्या थरात बसलंय. पोरीला वरीसभर म्हायेरी धाडा. न्हाईतर आधार कार्डावरचे फोटोबी जातील!"

गर्दीत बऱ्याच जणांनी खिसे चाचपले.

"आई, वरीसभर?" वाल्मिक पुटपुटला.

"गप ऱ्हा."

रज्जाकची मुलगी अरफा नगरला इंजिनिअरिंग शिकते, सुट्टीला घरी आली होती. फोटो लावून ठेवणारा प्रोग्राम तिनंच रस्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. तिनं विचारलं, "अब्बा, अल्बमला नाव काय दिलं होतं?"

"रुपाली-वाल्मिक. आधी एक तिरकी रेघ, कीबोर्डवरची स्लॅश. दृष्ट लागू नये म्हणून या कल्याणबाबांनीच सांगितली होती."

अरफाला हसू आवरेना. "फोटो कुठं ठेवायचे तो पत्ता प्रोग्राम दोन तुकडे जोडून करतो. आधी सगळ्या अल्बमचं फोल्डर, मग त्या अल्बमचं नाव. पण नाव तिरक्या रेघेनं सुरू झालं, की रस्टला वाटतं, हा पत्ता थेट डिस्कच्या दारापासूनचा. मग ती पहिला तुकडा सोडून देते. असं नाव अडवायला हवं होतं, ती चूक माझी."

तिनं डिस्क उघडली. दारातच फोल्डर, आत हळदीनं माखलेली रुपाली खदखदून हसत होती.

"आमच्या मंत्रानं आले!" बाबा गरजले.

"मग तुमचाच फोटो तसाच रेघ देऊन ठेवते. मंत्रानं अल्बममध्ये आणा."

बाबांनी घसा बसेस्तोवर मंत्र म्हटला. अल्बम रिकामाच.

"पिशाचानं बाबालाच गिळलं की!" कुणीतरी ओरडलं. हशा ओसरेपर्यंत बाबा कर्जतच्या एसटीत चढले होते.

दगडाबाई फोटो बघायला पुढं झाली. तेव्हा रुपाली पहिल्यांदा बोलली, "आत्याबाई, फोटो गेले म्हनून मला घालवत हुता. उद्या दूध नासलं तर?"

दगडाबाईनं सुनेचा हात धरला आणि खुर्चीवर तिला आधी बसवलं.

मंडळी, काही बिघडलं तर कारण शोधा. लगेच सापडणार नाही कदाचित. पण तोवर घरातल्या पोरीला गुन्हेगार ठरवू नका.