टाकाची परीक्षा

शेखरने ब्लेडची धार नाण्याच्या काठावर टेकवली आणि श्वास रोखून एकदाच ओढली. चांदीचा बारीकसा कीस खालच्या कोऱ्या कागदावर पडला. त्याने भिंग डोळ्याशी धरलं. आतही चांदीच होती. तांब्याचा मागमूस नव्हता.

फोटो आणि वजन कळवल्यावर नाशिकच्या एका नाण्यांच्या जाणकाराला तेवढीच शंका उरली होती. वजन जुळत होतं, अक्षरं जुळत होती, काठावर नकली, ओतीव नाण्याचा सांधा नव्हता. "पण वरून चांदी चढवलेली रोमन नाणीही सापडतात," तो फोनवर म्हणाला होता. "नाणं घेऊन या. आमच्याकडे यंत्र आहे, ओरखडा न काढता आतलं कळतं."

नाशिकला न्यायला नाणं हातात तर हवं. शेखरकडे ते दुसऱ्या सकाळच्या पूजेपर्यंतच होतं, कारण ते साखरखेर्ड्याच्या अंबूआत्याच्या देव्हाऱ्यातला टाक होता. इतरांच्या घरी चांदीच्या पत्र्यावर देव उठवलेले टाक असतात. आत्याच्या सासरी मात्र कुण्या पूर्वजाला विहीर खणताना सापडलेलं हे नाणंच पूजेत बसलं होतं. त्यावर आसनावर बसलेली एक बाई, हातात डहाळी. ती देवीच, याबद्दल घरात कधी वाद झाला नाही. पाठीमागचा रोमचा सम्राट तिबेरियस पिढ्यान् पिढ्या पालथा पडून हळदीकुंकवाचं पाणी पीत होता.

आत्याचे यजमान, रंगरावमामा, देवाला उंबरठा ओलांडू देणारे नव्हेत. म्हणून आत्याने त्यांच्या अपरोक्ष टाक रुमालात बांधून दिला होता.

"उद्या पूजेच्या आधी आणजो, बापू. मामाले समजू देऊ नको."

मेहकरच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता शेखरचे केस पिकायला लागले होते. दुसऱ्यांनी लावलेले शोध तो वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आला होता. स्वतःचं म्हणावं असं काही पहिल्यांदाच हाती आलं होतं. त्यापुढे काठावरचा एक काप म्हणजे काय? शिवाय जुन्या काळचे सराफही असेच काप देऊन नाणी पारखत, हे त्याने वाचलं होतं. माणसाला करायचंच असलं की पुस्तकंही साक्षीला येतात. त्याने काप पुसला, सकाळी टाक पोचता केला आणि निर्धास्त झाला.

जाणकार कापाचा फोटो पाहून आधी चांगलाच रागावला. मग म्हणाला, नाणं अस्सल आहे. शेखर त्या रविवारी पेढे घेऊनच साखरखेर्ड्याला निघाला.

"ये, ये," रंगरावमामा ओट्यावरूनच म्हणाले. "सुवर्णा, चहा टाक. मेहकरचे मास्तर आले."

शेखर हातपाय धुऊन सवयीने देव्हाऱ्याकडे वळला. बाळकृष्ण होता, अन्नपूर्णा होती. त्यांच्यामधली जागा मोकळी होती.

"मामा, टाक कुठंय?"

"पैनगंगेत," मामा म्हणाले. "हिच्या हातातून पडला. काठाले चीर गेली. खंडित देव घरात ठेवता येते काय? तुह्याच मेहकरले येऊन, पुलाखाली सोडला. तुह्या घरी नाई आलो. असं काम करून कोणाच्या दारी कायले जाव?"

पेढ्यांचा पुडा शेखरच्या हातात तसाच राहिला. काप गेले आणि भोकं राहिली. त्याच्या मोबाइलमध्ये नाण्याचे फोटो तेवढे होते. पण ती हळहळ पहिल्या क्षणापुरतीच. पुढच्या क्षणी त्याला कळलं की टाक पडलाच नव्हता. रोज ज्या बोटांनी ती देवी न्हाऊ घातली, त्या बोटांना तो काप पहिल्याच सकाळी लागला असणार. कोणी केला हे आत्याला विचारावं लागलं नसेल. तिने तो मुकाट्याने आपल्या हातावर घेतला होता.

आत्या खाली मान घालून बशा पुसत होती. शेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगावं, आत्ताच, असं त्याला वाटलं. लगेच दुसरं वाटलं की सांगितलं तर देव चोरून घराबाहेर धाडला म्हणून आत्याच गोत्यात येईल. हा विचार त्याला फार सोयीचा वाटला, आणि सोयीचा वाटला याचीच लाज वाटली.

सुवर्णा, मामांची सून, चहा ठेवून गेली. मामांनी बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घातली.

"हिचे हात आता थरथर करून राह्यले. मी म्हनलं, नवा टाक येईल, पण पूजा आता सुवर्णा करीन. तवापासून ही धड जेवत नाई. लग्न होऊन आली तवापासून देव हिच्याचकडं होते ना." मामांचा आवाज जरा उतरला. "तू शिकलेला हायेस, शेखर. तुहं ते ऐकते. सांग तिले समजावून."

आत्याने हातातली बशी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच शेखरकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने तोंड उघडलं. खरं ते जिभेवर आलंही होतं.

"मामा बरोबर म्हणतात, आत्या," तो म्हणाला. "वय झालं. आता आराम कर."

बोलून झाल्यावर आपला आवाज वर्गातल्यासारखा खणखणीत निघाला, हे त्याच्या लक्षात आलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. जमीन काही दुभंगली नाही.

"हाव," आत्या म्हणाली. "तू म्हनतं तर तसं."

तो निघाला तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. आत्या त्याच्यामागून ओट्यापर्यंत आली. मामा घरातच होते. तिने पदर सावरला आणि हळूच विचारलं,

"ते तुही परीक्षा झाली काय? खरी निघाली?"

शेखरला तिच्याकडे बघवेना. "हाव, आत्या," तो मोटारसायकलकडे पाहत म्हणाला. "खरी होती."

"मंग बरं," आत्या म्हणाली. "गंगेले खोटं नाई देलं आपण."

आपण. शेखर काही बोलणार तोच आतून सुवर्णाने हाक मारली.

"आत्याबाई, वाती कुठं ठेवल्या हो?"

आत्या वळली. तिचं एक पाऊल उंबरठ्याच्या आतही गेलं. मग तिने ते मागे घेतलं.

"समईच्या मागं," ती बाहेरूनच म्हणाली. "पितळी डब्यात पाह्य."