स्क्रीनशॉट जोडा

दीपंकरनं स्वतःच्या हातानं आईला इडली खायला घातली होती. नंतर कितीतरी दिवस ते आठवलं की त्याच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

निपाणीहून बेळगावला येताना संकेश्वरला गाडी थांबवली होती. आईच्या, गंगव्वाच्या, पित्ताशयात खडे झाले होते आणि त्याच दिवशी ऑपरेशन होतं. ती "नगं रं, भूक न्हाय," म्हणत होती आणि हाच तिला म्हणत होता, "खा गं, तिथं किती वेळ बसवत्यात कुणाला ठावं." दवाखान्यात नर्सनं पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

इडलीचं कळताच त्यांना परत पाठवलं. नर्स वैतागून म्हणाली, "मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलंय. वाचत का नाही तुम्ही लोक?"

दीपंकरनं मेसेज ऐकला होता. तो जन्मापासून आंधळा. बेळगावातल्या एका कंपनीत प्रोग्रामर होता आणि फोनवरचं सगळं 'बोलका' नावाचं ॲप त्याला वाचून दाखवायचं. मेसेजमध्ये तारीख आणि वेळ मराठीत होती. शेवटची ओळ कन्नडमध्ये होती : बेळिग्गे एनू तिन्नबेडी, सकाळी काही खाऊ नका. बोलकानं मराठी वाचलं आणि कन्नड अक्षरं आल्याबरोबर ती ओळ गिळून टाकली. पुढं आणखी काही लिहिलंय, एवढंसुद्धा सांगितलं नाही.

नवीन तारीख मिळेपर्यंत गंगव्वाला दोनदा कळ आली. दीपंकरच्या बेळगावातल्या दोन खोल्यांत ती पोटाशी गुडघे घेऊन पडायची आणि दीपंकर शेजारी बसून तिचं कण्हणं ऐकायचा. परत पाठवल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं कॉम्प्युटर उघडला.

बोलका हा मुक्त प्रकल्प होता. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता. कुणीही त्यात दुरुस्ती करून पाठवावी आणि प्रकल्प सांभाळणाऱ्या दोघा-तिघांनी ती तपासून आत घ्यावी, अशी रीत. दोष कुठं आहे ते दीपंकरला लवकर सापडलं. दुसरी लिपी आली की ॲप ती ओळ सोडून पुढं जायचं. लिपी बदलली की आवाजही बदलेल, मराठीनंतर कन्नड आवाज आपोआप सुरू होईल, असं त्यानं लिहिलं. चाचणीसाठी एक वाक्यही घातलं : 'गंगव्वा, बेळिग्गे एनू तिन्नबेडी.' मग आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही रेकॉर्ड करून सगळं पाठवून दिलं.

चार-पाच दिवसांनी उत्तर आलं. तपासणारा सौरव नावाचा, प्रकल्प सुरू करणाऱ्यांपैकी एक. उत्तर एका ओळीचं होतं : 'बदलाआधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट जोडा.'

दीपंकरला आधी हसूच आलं. त्यानं लिहिलं, 'मी आंधळा आहे. हा आवाजातला बदल आहे, तो चित्रात दिसणार नाही. रेकॉर्डिंग जोडलं आहे.'

'नियम सगळ्यांना सारखे आहेत,' सौरवनं कळवलं.

दीपंकरची धाकटी बहीण नीलम शाळेत शिकवायची. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो खोलीत येरझाऱ्या घालत होता.

"आंधळ्यांसाठीचं ॲप, आणि ह्याला फोटू पायजे!"

"आण फोन, मी काढून देते," नीलम म्हणाली. "भांडत बसू नगंस अण्णा. काम व्हईना का आधी."

तिनं दोन फोटो काढून दिले. दोन्ही अगदी सारखे दिसत होते, कारण स्क्रीनवर काही बदललंच नव्हतं. सौरवनं लिहिलं, 'फरक दिसत नाही.' मग कोडच्या ओळींतल्या मोकळ्या जागा नीट करायला सांगितल्या, त्या दीपंकरनं केल्या. कोडमधली दोन नावं बदलायला सांगितली, तीही बदलली. त्यानंतर आलं ते असं : 'एका मेसेजमध्ये दोन लिप्या हा अपवाद आहे. याची गरज किती जणांना आहे? शिवाय खऱ्या वापरणाऱ्याकडून, शक्यतो डोळस व्यक्तीच्या देखरेखीखाली, चाचणी करून घ्या.'

दीपंकरनं ते वाक्य परत वाचायला लावलं. फोननं त्याच थंड आवाजात परत वाचलं, डोळस व्यक्तीच्या देखरेखीखाली. त्यानं टेबलावर मूठ एवढ्या जोरात आपटली की आतून गंगव्वा "काय पडलं रं?" म्हणून ओरडली.

त्यानं लिहिलं, 'खरा वापरणारा मीच आहे. बेळगावात एका मेसेजमध्ये दोन भाषा हा अपवाद नाही, रोजचं आहे. तुमच्या ॲपनं एक ओळ गाळली म्हणून माझ्या आईचं ऑपरेशन हुकलं.'

यावर उत्तर आलंच नाही. काही दिवसांनी 'हालचाल नसल्यामुळे बंद' असा शेरा मारून त्याचा बदल बंद करण्यात आला.

आणि पुढच्याच महिन्यात बोलकाची नवी आवृत्ती आली. सोबतच्या घोषणेत लिहिलं होतं : 'दिव्यांग बांधवांसाठी खास भेट! आता दोन लिप्यांचं वाचन. संकल्पना आणि कोड : सौरव.'

दीपंकरनं आवृत्ती उतरवली. कन्नड वाचन मुळात बंदच ठेवलेलं होतं. ते चालू करायला एक बटन होतं, पण त्याला नाव दिलेलं नव्हतं, त्यामुळं त्यावर बोट गेलं की फोन नुसता 'बटन' म्हणायचा. नीलमनं बघून सांगितलं, "पिवळ्या रंगाचं हाय, लई झकास दिसतंय."

"दिसतंय!" दीपंकर म्हणाला. त्याच्या तोंडून पुढं जे निघालं ते नीलमनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडून ऐकलं.

मग नीलमकडून ते बटन चालू करून घेऊन त्यानं कोड उघडला आणि ओळीमागून ओळ ऐकत गेला. काही नावं बदलली होती, रचना तीच होती. चाचण्यांपर्यंत पोचल्यावर फोन म्हणाला, 'गंगव्वा, बेळिग्गे एनू तिन्नबेडी.'

त्यानं ती ओळ नीलमला परत ऐकवली.

"आईचं नाव बी काढलं न्हाय गं त्यानं," तो म्हणाला. "बघितलंसुदीक न्हाय, नुसतं उचललंय."

नीलम या वेळी भांडू नको म्हणाली नाही.

प्रकल्पाची दर महिन्याची बैठक रविवारी सकाळी व्हिडिओवर व्हायची. ती सगळ्यांना खुली असे. दीपंकर तिथं गेला. बैठक तेजस्वी नावाची बाई चालवत होती. तीही सौरवसारखीच प्रकल्प सांभाळणारी. नव्या आवृत्तीचं कौतुक चाललं होतं, ते संपायची वाट न बघता दीपंकर बोलला.

"दोन लिप्यांचा कोड माझा आहे."

मग सौरवचा आवाज आला, अगदी समजूतदार. "हे बघा दीपंकर, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण मुक्त प्रकल्पात कोड कुणा एकाचा नसतो. तो सगळ्यांचा असतो."

"कुणाचाच नसतो, तर वर तुमचं नाव कशाला लावलंत?"

"मी तो नव्यानं लिहिलाय. कल्पना सारखी असू शकते."

"बरं. मग चाचणीतलं वाक्य वाचून दाखवा."

"त्याचा इथं काय संबंध?"

"वाचा की! तुम्हाला तर दिसतंय ना!" दीपंकरचा आवाज चढला. "गंगव्वा कोण? सांगा सगळ्यांना. तुमच्या घरात कोण गंगव्वा आहे? ती माझी आई आहे. कळ आली की ती पोटाशी गुडघे घेऊन पडायची, आणि तुम्ही माझ्याकडं फोटो मागत होता!"

सौरव काहीतरी पुटपुटला. तेजस्वीनं त्याला थांबवलं. ती त्याच वेळी दोन्ही कोड शेजारी शेजारी उघडून बघत होती.

"सौरव," ती म्हणाली, "हा त्यांचाच कोड आहे. स्पेलिंगच्या चुकासुद्धा त्याच आहेत."

त्याच आठवड्यात तेजस्वीनं सौरवचा बदल काढून दीपंकरचा मूळ बदल त्याच्या नावानं आत घेतला. आवाजातल्या बदलांना स्क्रीनशॉटची अट राहिली नाही. ती घोषणा मात्र तशीच राहिली, कारण ती हजारो लोकांना आधीच गेली होती. सौरवचंही एक पत्र आलं. 'तुम्ही दुखावला गेला असाल तर दिलगीर आहे,' असं त्यात होतं. खाली विचारलं होतं : बेळगावातल्या एखाद्या कॉलेजात दोघं मिळून व्याख्यान द्यायचं का? मुलांना प्रेरणा मिळेल.

दीपंकरनं दोन शब्दांत उत्तर दिलं : 'कधीच नाही.'

गंगव्वाचं ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर ती कॉटवर बसून म्हणाली, "झालं न्हवं आता सगळं? नाव लागलं तुझं. सोड की राग."

"नाव लागलं म्हणून राग सोडू व्हय?" दीपंकर म्हणाला. "मी बोंबललो नसतो तर? माझ्यासारख्या किती जणांचं काम ते गप बसले म्हणून बंद पडलं असंल."

तेजस्वीनं त्याला विचारलं होतं, येणारे बदल तपासायचं काम घेशील का? दोन दिवस त्यानं उत्तर दिलं नव्हतं. आईशी बोलणं झाल्यावर तो टेबलाशी गेला आणि तेजस्वीला 'घेतो' म्हणून कळवलं. मग 'हालचाल नसल्यामुळे बंद' असा शेरा मारलेले जुने बदल शोधून काढले. यादी लांबलचक होती. त्यानं सगळ्यात जुना उघडला आणि आवाज वाढवून ऐकायला सुरुवात केली.