आठ वर्षांचं वंगण

बाबांनी आठ वर्षं, दर रविवारी, दोन बस बदलून रेल्वेच्या बंद पडलेल्या फाट्यावर जाऊन एका इंजिनाला वंगण घातलं. पगार नाही. कुणी सांगितलेलं नाही. आई शेवटच्या दुखण्यात होती त्या रविवारीही ते गेले. हे मी कौतुकाने सांगत नाहीये.

इंजिनाचा निकाल लागणार होता त्या दिवशी मात्र सोबत मी गेले. एक तर त्यांचा गुडघा बसची पायरी चढू देईना, आणि दुसरं, रेल्वेचा मोजणीवाला साहेब येणार होता. एक संग्रहालय इंजिन घ्यायला तयार होतं. अट एवढीच, की ते स्वतःच्या चाकांवर जंक्शनपर्यंत ओढून नेता आलं पाहिजे. फाट्यावर क्रेन येईल असा रस्ताच नव्हता. चाकं फिरली तर संग्रहालय, नाही फिरली तर गॅसकटर.

मी कारखान्यातली रात्रपाळी करून आले होते. डोळे चुरचुरत होते. फलाटावर गुडघाभर गवत. तिकिटाच्या खिडकीची जाळी कुणीतरी उपटून नेलेली, आतल्या भिंतीवर घड्याळाच्या जागी गोल पांढरा डाग. गार्डच्या डब्याच्या तळातून झाड उगवून छपराला टेकलेलं. केबिनमधले सिग्नलचे दांडे गंजून एकमेकांना चिकटलेले. सगळीकडे मरगळ.

आणि शेडमध्ये बकरी. शिट्टी बकरीसारखी वाजायची म्हणून फाट्यावर सगळे त्या इंजिनाला बकरी म्हणत. काळीकुळकुळीत, पितळ लखलखीत. आमच्या घरातल्या एकाही भांड्याला बाबांनी असा हात लावलेला मला आठवत नाही.

"नव्या नवरीसारखी ठेवलीय की काका," ट्रॅक्टरवाला म्हणाला. इंजिन ओढायला साहेबाने त्याला आणलं होतं.

"नवरीला कुणी आठ वर्षं शेडमध्ये उभं करत नाही," मी म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो ताई, त्यांचा दिवस आहे."

बाबांनी चाकांखालच्या पाचरी काढल्या. साखळी अडकवली. साहेब छत्री उघडून लांब उभा राहिला, जणू इंजिन चावणार होतं.

ट्रॅक्टर गुरगुरला. साखळी ताणली गेली. बकरी हलली. बाबांचा हात वर गेला. मग मी खाली पाहिलं. मोठी चाकं फिरत नव्हती. पाट ओढावा तशी ती रुळावरून घसटत येत होती, आणि कानाचे पडदे फाटतील असा आवाज येत होता.

"बस, बस," साहेब ओरडला. "रूळ खराब होतील."

कुठल्या गाडीसाठी जपायचे होते ते रूळ, देव जाणे.

बाबा एक्सलच्या पेटीचं झाकण उघडून आत बोट घालून बसले. बोटाला वंगण लागलं होतं. पुरेपूर.

"वंगण आहे, मग अडलं कुठं?" मी विचारलं.

"भार एकाच जागी बसला. खालचं वंगण पिळून निघतं मग. धातूला धातू धरतो." हे ते शिकवल्यासारखं म्हणाले. "महिन्यातून एकदा अर्धा फेरा द्यायचा असतो. पहार लावून. दोन माणसांत होतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी फिटर आहे."

"मग दिला का नाही?"

ते झाकण लावत राहिले. "मेमो नव्हता. उभ्या इंजिनाचं चाक लेखी हुकमाशिवाय हलवत नाहीत. चार अर्ज केले. उत्तर नाही आलं."

"ऑफिसलाच टाळं लागलं होतं, बाबा. उत्तर कोण देणार? भुतं?"

"म्हणून काय मनाला येईल ते करायचं?"

माझ्या तोंडाशी आलेलं मी गिळलं नाही. "आई एकटी पडून होती त्या रविवारी. तेव्हा कुणाचा मेमो होता?"

ट्रॅक्टरवाला साखळी गुंडाळण्यात गुंतला. मला त्यांना दुखवायचं होतं, ते झालं, आणि मला काडीचंही बरं वाटलं नाही. मेल्यासारखी झोप येत होती फक्त.

साहेबाने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. इंजिन हलवण्यास अयोग्य. जाणकार म्हणून खाली बाबांची सही हवी होती.

"करू नका सही," मी म्हणाले. "त्यांचं पाप त्यांना करू दे."

बाबांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "सगळी चाकं जाम लिहिलंय. मागची छोटी जोडी फिरली."

"त्याने काय फरक पडतो, काका? कापायचंच आहे."

"कापा. पण फिरली ती फिरली."

साहेबाने वैतागून खाडाखोड केली. बाबांनी सही केली, तारीख घातली. मग दोन्ही हात मागे बांधून उभे राहिले. साहेब जीपमध्ये बसून फोन लावत होता. त्याने काच वर केली.

"चला," मी म्हणाले. "साडेबाराची बस आहे."

"त्यांनी जा म्हटलं नाही अजून."

"मी म्हणतेय ना."

त्यांनी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गुडघा धरत धरत ते माझ्यामागून निघाले. रुळांमधल्या स्लीपरवर पाय नीट पडेना, म्हणून मी हात पुढे केला. तो त्यांनी धरला. त्यांच्या हाताला वंगण होतं, तरी मी माझा काढून घेतला नाही.